वाचताना कान काय करतात?

हे पान डोळ्यांसमोर धरा आणि डावीकडे-उजवीकडे भराभर हलवा. वाचता येतंय? छे, अक्षरं नुसती फरपटतात. आता पान स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगाने मान हलवा, 'नाही, नाही' म्हणताना हलवतो तशी. अक्षरं जागच्या जागी! (कशाला नाही म्हणतेयस, असं आईने विचारलं तर सांगा, प्रयोग चाललाय.)

ही करामत कानाची.

कानात खूप आत, हाडाच्या पोकळीत, तीन इवल्याशा अर्धगोल नळ्या असतात. त्यांत द्रव भरलेला. मान वळली की नळी लगेच वळते, द्रव मात्र जरा मागे रेंगाळतो, एसटी सुटताना उभे प्रवासी मागे कलंडतात तसा. तेवढ्याने आतल्या पेशींचे सूक्ष्म केस वाकतात आणि डोळ्यांच्या स्नायूंकडे निरोप सुटतो. मान जेवढी उजवीकडे, डोळे तेवढेच डावीकडे. तेही सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात! पान हलवलं तेव्हा कानाला पत्ताच नव्हता. डोळ्यांनी आधी बघायचं, मग पाठलाग करायचा. त्याला साधारण दसपट वेळ लागतो.

फळ्यावरचं गणित उतरवून घेताना मान सारखी वर-खाली होते. दर वेळी आकडे नाचले असते, तर सगळं लक्ष ते शोधण्यातच गेलं असतं. गणित राहिलं बाजूला.

खरंच असं कुणाचं होतं का? होतं. स्ट्रेप्टोमायसिन या औषधामुळे एका अमेरिकन डॉक्टरच्या कानातली ही यंत्रणा निकामी झाली. त्याने १९५२ साली आपला अनुभव लिहिला. पलंगावर पडून वाचतानासुद्धा अक्षरं उड्या मारायची. का, तर नाडीच्या ठोक्यांनी डोकं किंचित हलायचं म्हणून! तुमचंही आत्ता हलतंय, कळतंय का? शेवटी तो पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोकं दाबून धरायचा आणि मग वाचायचा.

आता फुगडी. गरागरा फिरताना नळीतला द्रवही हळूहळू तुमच्याच वेगाने फिरू लागतो. तुम्ही थांबता, तो थांबत नाही. कान डोळ्यांना सांगत राहतो, 'अजून फिरतोय!' आणि डोळे आपले सरकत राहतात. खोटं वाटतं? फुगडी थांबल्या थांबल्या मैत्रिणीला एक ओळ वाचायला सांगा आणि तिच्या डोळ्यांकडे बघा. आधी तिला खाली बसवा मात्र.