मद्यपानाच्या सवयीची कारणमीमांसा

मद्यपानाच्या सवयीची कारणमीमांसा म्हणजे एखादी व्यक्ती वारंवार मद्याकडे का वळते, याचा शारीरिक, मानसिक व सामाजिक अंगांनी घेतलेला शोध होय. पिणारा सांगतो ती निमित्ते (मित्रांचा आग्रह, दिवसभराचा शीण, सणसमारंभ) आणि सवय टिकवून धरणारी मूळ कारणे बहुधा भिन्न असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मद्यावलंबन हा विकार मानला आहे. तो निव्वळ चारित्र्यदोष नव्हे.

शारीरिक कारणे

मद्य मेंदूतील 'गाबा' या शामक रसायनाचा प्रभाव वाढवते आणि 'ग्लुटामेट' या उत्तेजक रसायनाचा प्रभाव घटवते. त्यामुळे भीती व ताण काही काळ ओसरतात. नियमित सेवनाने मेंदू या स्थितीला सरावतो व तेवढ्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागते. मद्य न मिळाल्यास हातांना कंप, घाम, अस्वस्थता व निद्रानाश जाणवतो. सुखासाठी सुरू झालेले पिणे अशा रीतीने त्रास टाळण्यासाठी चालू राहते. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार या विकाराच्या संभवात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा असतो.

मानसिक व सामाजिक कारणे

अपमान, शोक, एकाकीपणा, नैराश्य व चिंता ही कारणे सहसा बोलून दाखवली जात नाहीत. असह्य भावना शमवण्यासाठी माणूस नशेचा आधार घेतो, या विचाराला 'स्वयंउपचार गृहीतक' म्हणतात. एडवर्ड खांत्झियन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९८५ मध्ये ते मांडले. हा उपाय मात्र उलटतो. मद्याने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते. दुसऱ्या दिवशी चिंता वाढते आणि पुन्हा प्याला जवळचा वाटतो.

मराठी साहित्यातील चित्रण

राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचा पहिला प्रयोग १९१९ मध्ये, लेखकाच्या निधनानंतर झाला. त्यातील बुद्धिमान वकील सुधाकर न्यायालयातील मानहानीचे दुःख विसरण्यासाठी तळीरामाच्या आग्रहावरून पहिला प्याला घेतो. त्याच्या व्यसनाचा उगम चैनीत नसून दुखावलेल्या स्वाभिमानात आहे.

कारणांचा शोध व उपचार

पिण्याची इच्छा कोणत्या वेळी, कोणाच्या सहवासात व कोणत्या मनःस्थितीत होते, याची रोज नोंद ठेवल्यास मूळ कारण उमगू लागते. घरच्यांनी दोषारोप केल्यास पिणे लपवण्याची प्रवृत्ती बळावते. दीर्घकाळ अधिक प्रमाणात पिणाऱ्याने मद्य एकाएकी बंद केल्यास झटके व भ्रम होऊन जिवाला धोका संभवतो. म्हणून ते वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावे. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही परस्परसाहाय्याची चळवळ महाराष्ट्रातही कार्यरत आहे. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र स्थापन केले. मूळ दुःखाची दखल न घेता केवळ मद्य तोडल्यास सवय परतण्याची शक्यता अधिक राहते.