सरखेल कान्होजी आंग्रे

पोर्तुगीज अमलात आपल्या हरमलसमोरून जाणाऱ्या व्यापारी गलबतांना त्यांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, घ्यावा लागे. मराठा आरमाराचे प्रमुख, सरखेल कान्होजी आंग्रे यांनी पुढे कोकणात तोच नियम लावला : आंग्र्यांचे दस्तक नसेल तर जहाज पकडायचे. इंग्रजांनी त्यांना समुद्री लुटारू ठरवले. मग कार्ताझवाल्यांना काय म्हणावे, हे आम्ही विद्यार्थ्यांनाच विचारतो!

१७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांना मिळाले. १७२१ मध्ये गोव्याचे व्हाइसरॉय स्वतः इंग्रजांसोबत कुलाब्यावर चालून गेले. किल्ला काही मिळाला नाही. आंग्र्यांची हलकी गलबते उथळ पाण्यातही चालत, परक्यांची अवजड जहाजे तिथे अडत. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांची समाधी अलिबागेत आहे.