धान कापलं की पडदा उघडतो

दिवाळी उलटली की गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीच्या परिसरात नाटकांच्या जाहिरातीचे भोंगे फिरू लागतात. बाहेरून आलेल्या पाहुण्याचा पहिला प्रश्न असतो, 'सगळी नाटकं आत्ताच कशी?'

उत्तर धानाच्या बांधीत आहे.

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. पावसाळाभर माणसं रोवणी-निंदणीत गुंतलेली. धान निघालं की हाती पैसा येतो, आभाळ मोकळं होतं आणि उघड्यावरचा मंडप टिकतो. म्हणून झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत.

प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, त्यामागे इथलं जंगलही आहे. गावोगावचा प्रेक्षक मध्यरात्री रानवाटेनं परतण्यापेक्षा उजाडेपर्यंत बसणं पसंत करतो. गाणी, विनोद, लावणी यांना मग भरपूर जागा मिळते.

दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक ही जुनी जोडी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या; २०२१च्या डिसेंबरमध्ये पुन्हा परवानगी मिळाली.

नाट्यमंडळांचं मुख्य ठाणं गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. याच रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, आणि तो मान झाडीपट्टीला फार आधीच मिळायला हवा होता.

तुमच्या गावची मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) कधी भरते?