गेटवेला आधी धड वीज द्या

भोसरीच्या एमआयडीसीत मी कंट्रोल पॅनेल बांधतो. हल्ली बऱ्याच पॅनेलमध्ये वायरलेस गेटवे असतो: मशीनचं तापमान, दाब, मीटरचे आकडे तारांतून गोळा करून हवेतून पुढे धाडणारा. तो बंद पडला की लोक आधी सिम कार्ड बदलतात. मी आधी त्याच्या पुरवठ्याला मल्टिमीटर लावतो.

असे बरेच गेटवे 24 व्होल्ट डीसीवर चालतात. 230 व्होल्टमधून तो पुरवठा एसएमपीएस तयार करतो. त्याच एसएमपीएसवर सोलेनॉइड व्हॉल्व्हही टांगले, तर ते चालू होताना व्होल्टेज क्षणभर खचतो, बंद होताना उसळतो, आणि गेटवे मध्येच रीस्टार्ट होऊ शकतो. म्हणून त्याला वेगळा एसएमपीएस द्यावा. निदान वेगळा फ्यूज तरी हवाच.

बारीक तारांचं सोललेलं टोक टर्मिनलमध्ये तसंच कोंबलेलं मला खपत नाही. फेरूल चढवायचं, क्रिम्प करायचं, स्क्रू आवळायचा आणि तार ओढून बघायची. एक सुटा धागा शेजारी टेकला तरी शॉर्ट!

मीटरकडून येणारी आरएस-485 ची पिळलेली जोडतार मोटरच्या 415 व्होल्टच्या केबलपासून लांब ठेवावी. लाइन लांब असेल तर दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर लावावा. अँटेना लोखंडी पॅनेलच्या बाहेरच हवा.

आणि वायरमन मित्रांनो, तारांचे नंबर लिहिलेलं ड्रॉइंग पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. पुढचा माणूस रात्रपाळीत येणार आहे.