‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी : वार लक्षात ठेवा

घरातल्या वडीलधाऱ्यांची कंबर, गुडघे धरले की डॉक्टर पुष्कळदा ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी लिहून देतात. ती देण्याचं काम बहुधा सुनेकडे नाहीतर नातवाकडे असतं. घरी शुश्रूषा करणाऱ्या या मंडळींसाठीच आम्ही हे लिहीत आहोत.

ही पुडी साधारणपणे ६०,००० युनिटची असते. मोठ्या माणसाची रोजची गरज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली ६०० युनिट धरली आहे. म्हणजे एका पुडीत १०० दिवसांचा शिधा! म्हणूनच ती आठवड्यातून एकदाच, बहुधा आठ आठवडे घ्यायची असते. पण बाकीच्या गोळ्या रोजच्या. त्यांच्याच डब्यात पुड्या पडल्या की त्याही रोज दिल्या जातात. वर्षाचा युरिया कोणी एकाच पाळीला उसाला टाकतं का?

‘जीवनसत्त्वच ते, जास्त झालं तर काय बिघडतं?’ असं पुष्कळांना वाटतं. ‘ब’ आणि ‘क’ पाण्यात विरघळतात, जास्तीचा बराच भाग लघवीवाटे जातो. ‘ड’चं तसं नाही, ते चरबीत साठून राहतं. फाजील झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं. मग अन्नावरची वासना जाते, मळमळतं, पोट साफ होत नाही, सारखी तहान आणि सारखी लघवी लागते, माणूस सुस्तावतो, कधी असंबद्ध बोलू लागतो. घरचे म्हणतात, वयच झालं आता! तिकडे मूत्रपिंडाला इजा होत असते. अशी चिन्हं दिसली तर पुडी थांबवून, रिकाम्या पुड्यांसह रुग्णाला लगेच डॉक्टरांकडे न्यावं. साठा लवकर उतरत नाही. पुडी बंद केल्यावरही त्रास कित्येक आठवडे राहू शकतो.

आमच्या मते सोपा उपाय म्हणजे गावच्या बाजाराचा वार धरावा. बाजाराच्या दिवशी जेवणानंतर दुधातून पुडी द्यावी आणि कॅलेंडरवर खूण करावी. एखादा बाजार चुकला म्हणून पुढच्या वेळी दोन देऊ नयेत. आठ झाल्या की दुकानातून परस्पर नव्या आणू नयेत.

सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना काही गोष्टी आपणहून सांगाव्यात : मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का, हृदयासाठी डिगॉक्सिन चालू आहे का, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आहे का, कॅल्शियमच्या गोळ्या आहेत का. दुसऱ्या दवाखान्यात ‘ड’चं इंजेक्शन घेतलं असेल तर तेही. हे सांगायचं हमखास राहून जातं.

तान्ह्या बाळाच्या थेंबांची गोष्ट वेगळी. ते रोज द्यायचे असतात, साधारण ४०० युनिट. मात्र एका बाटलीत मिलिलिटरला ४००, तर दुसरीत ८०० युनिट असतात. बाटली बदलली की लेबल वाचावं, आणि ड्रॉपर त्याच बाटलीचा वापरावा.