विश्लेषण : राउटर, जिग असूनही ड्रॉवरचा सांधा ढिला का?
ड्रॉवर रोज ओढला जातो तो पुढच्या फळीला धरून. ती नुसत्या खिळ्यांवर असेल, तर हळूहळू सुटू लागते. डव्हटेल सांध्याच्या खुंट्या कबुतराच्या शेपटीसारख्या टोकाला रुंद असतात, त्यामुळे कितीही ओढले तरी निसटत नाहीत. करवत-पटाशीने हा सांधा कापायला कसब लागते आणि वेळही. जिगमध्ये दोन्ही फळ्या काटकोनात, किंचित सरकवून आवळल्या की राउटर दोन्हींच्या खाचा एकाच फेरीत कापतो.

मग तो ढिला का बसतो? दोष बहुधा बिटच्या खोलीचा. अशा जिगमध्ये बिट जरा खोल घेतले की सांधा घट्ट होतो, वर घेतले की सैल. अर्धा मिलिमीटरही पुष्कळ झाला! म्हणून सागवानाला हात लावण्याआधी त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यांवर चाचणी हवीच. जिग कितीही महागडे असो, ही पायरी टळत नाही.

खाच कापताना राउटर मध्येच वर उचलणे मात्र धोक्याचे. बिट टोकाला रुंद असल्याने सांधा फाटतो, जिगची पट्टी कापली जाते आणि मिनिटाला २० हजारांच्या आसपास फेरे घेणारे बिट तुटून उडू शकते. राउटर आडवाच बाहेर ओढावा, बंद करावा आणि बिट पूर्ण थांबल्यावरच उचलावा.