गोडी मारणारं पान रक्तातली साखर उतरवतं का?

बेडकीच्या वेलाचं एखादं पान नीट चावून खावं आणि लगेच चिमूटभर साखर तोंडात टाकावी. साखर वाळूसारखी कचकचते, गोड लागत नाही. गूळ, पेढा, मध, काहीही घेतलं तरी तेच. मीठ मात्र खारटच लागतं आणि चिंच आंबटच. अर्ध्या-पाऊण तासाने गोडी परत येते.

ही वेल रुईच्या कुळातली. शास्त्रीय नाव जिम्नेमा सिल्वेस्ट्रे. कोकणात आणि सह्याद्रीच्या रानात ती आढळते. बाजारात तिचं चूर्ण गुडमार किंवा मधुनाशिनी म्हणून मिळतं. मधुमेहावर बेडकीचा पाला घ्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे.

गोडी का हरवते, हे आता बरंच उलगडलं आहे. पानात जिम्नेमिक आम्लं नावाची संयुगं असतात. जिभेवर गोड ओळखणारा रिसेप्टर दोन प्रथिनांच्या जोडीचा असतो. त्यातल्या टी१आर३ या प्रथिनाला ही आम्लं चिकटतात, असं जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. साखर जिभेवर असते, पण तिची वर्दी मेंदूपर्यंत जात नाही.

इथेच अनेकांची गल्लत होते. जीभ फसली म्हणून रक्त फसत नाही. खाल्लेला पेढा पचतोच आणि त्याचं ग्लुकोज रक्तात उतरतंच. गोड बेचव लागल्यामुळे माणूस ते कमी खातो, असं काही छोट्या प्रयोगांत दिसलं आहे आणि हा फायदा मला मोलाचा वाटतो. पण तो मनाच्या ओढीवरचा उपाय झाला. रक्तातल्या साखरेवर या पानाचा थेट परिणाम होतो का, हा प्रश्न वेगळा आहे.

तो प्रश्न मुंबईत फार पूर्वी विचारला गेला. १९३० मध्ये म्हसकर आणि कायस या संशोधकांनी या वनस्पतीवर सविस्तर प्रबंध प्रसिद्ध केला. पाला स्वतः साखर जाळत नाही, तो शरीराला इन्शुलिन सोडायला उद्युक्त करत असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. इन्शुलिनचा शोध तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता!

पुढे मद्रासच्या संशोधकांनी १९९० मध्ये टाइप २ मधुमेहाच्या २२ रुग्णांची निरीक्षणं मांडली. नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने त्यांना रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दीड वर्षाहून अधिक काळ दिला होता. साखर उतरली आणि पाच जणांच्या गोळ्या पूर्ण बंद करता आल्या. वाचताना आशा वाटते, आणि वाटायलाच हवी. पण २२ ही संख्या लहान आहे. कोणाला अर्क मिळतो आणि कोणाला औषध नसलेली पूड, हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासून लपवलेली चाचणीही ती नव्हती. लंडनमधल्या एका प्रयोगशाळेत १९९९ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली: अर्काने पेशींतून इन्शुलिन बाहेर पडलं खरं, पण ते पेशींची पटलं गळकी झाल्यामुळे. असा परिणाम औषध म्हणून कामाचा नाही. तेव्हा अर्कातला नेमका कोणता घटक उपकारक आणि कोणता अपायकारक, हे वेगळं काढणं आलं.

असं वेगळं काढलं की काय साधतं, याचं उदाहरण रोज लाखो घरांत गिळलं जातं. युरोपात गॅलेगा नावाची एक झुडुपी वनस्पती पूर्वी औषधात वापरत. तिच्यातलं गॅलेगिन साखर उतरवतं, पण ते विषारी आहे. त्याच्याच जातकुळीचं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. १९५७ मध्ये फ्रेंच डॉक्टर झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाने त्याची उपयुक्तता पक्की केली. वनस्पतीने वाट दाखवली. त्या वाटेने चालायला अनेक दशकांची मोजदाद लागली.

बेडकीची ती मोजदाद अपुरी राहिली आहे. तोवर कोणी चूर्ण घेत असेल, तर डॉक्टरांना ते सांगितलंच पाहिजे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना वर हा पाला घेतला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर फार उतरल्याची लक्षणं. यकृताला इजा झाल्याची नोंदही वैद्यकीय साहित्यात आहे. आणि पाल्याच्या भरवशावर इन्शुलिन परस्पर थांबवणं टाइप १ च्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं.